दिशा स्वस्त, अंतर महाग: आकाशगंगेचा त्रिमितीय नकाशा कसा तयार होतो

फोंड्याच्या एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न विचारले आहेत. दुर्बिणीतून आकाश सपाटच दिसते, मग त्यातून आकाशगंगेचा त्रिमितीय नकाशा कसा निघतो? आपण तिच्या आतच बसलेलो असताना तिचा बाहेरून दिसणारा आकार कसा कळतो? आणि गोव्यात राहून या कामात आपल्याला काही करता येईल का? मी पंचवीसेक वर्षे तारकासूच्यांशी झटापट केली आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे लिहितो.

ताऱ्याचे स्थान सांगायला तीन संख्या लागतात. त्यांतल्या दोन, म्हणजे आकाशातली दिशा सांगणारे दोन कोन, साध्या दुर्बिणीनेही उत्तम मोजता येतात. तिसरी संख्या म्हणजे अंतर, आणि या शास्त्राचा जवळजवळ सगळा इतिहास त्या एका संख्येपायी झालेल्या कष्टांचा आहे. अंतर माहीत नसले की डोळे कसे फसतात याचे उदाहरण दर हिवाळ्यात आपल्या डोक्यावर असते. वृषभ राशीतल्या व्ही आकाराच्या तारकागुच्छात तांबूस रोहिणी अगदी घरच्यासारखी शोभते. पण गुच्छ दीडशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे आणि रोहिणी सुमारे पासष्ट. दोघांचा काही संबंध नाही. फोटो काढताना मध्येच कोणी परके उभे राहावे, तशी ती आपल्या आणि गुच्छाच्या मध्ये उभी आहे.

अंतर मोजण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग पराशयाचा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याला लंबन म्हटले आहे. पणजीला कांपालच्या नदीकाठी उभे राहिलात, तर मांडवीच्या मध्यावर नांगरलेली होडी पलीकडच्या रेईश मागूशच्या किल्ल्यासमोर दिसते. शंभर पावले चालून पुन्हा पाहिले, की तीच होडी किल्ल्यापासून बाजूला सरकलेली असते. किती पावले चाललो आणि होडी किती कोनातून सरकली, हे दोन कळले की तिचे अंतर त्रिकोणमितीने निघते. ताऱ्यांसाठी आपली ‘शंभर पावले’ म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचा सुमारे तीस कोटी किलोमीटरांचा व्यास. जानेवारीत एकदा पाहायचे, जुलैत पुन्हा. एवढे चालूनही तारे अत्यल्प सरकतात. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या एकसष्ट क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला, तो विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एक तृतीयांशाहूनही थोडा कमी भरला. हा तारा आपल्यापासून सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी शेजारी आहे.

वरच्या उदाहरणात एक लबाडी लपलेली आहे. होडीचे सरकणे आपण किल्ल्याच्या संदर्भात मोजले, पण आपण चाललो तेव्हा तो किल्लाही मागच्या डोंगराच्या संदर्भात थोडा सरकला. जमिनीवरच्या दुर्बिणीने पराशय मोजताना नेमकी हीच अडचण येते. लहानशा दृष्टिक्षेत्रातले सगळे तारे एकाच वेळी एकाच दिशेने सरकतात, म्हणून आपल्याला फक्त जवळच्या आणि दूरच्या ताऱ्यांतला फरक कळतो. मग मागच्या ताऱ्यांचा पराशय किती असावा, हे अंदाजाने धरावे लागते.

यावरचा उपाय प्रथम हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात आणि नंतर गाया या उपग्रहाने फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. गायावर दोन दुर्बिणी होत्या आणि त्या एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून आकाशाच्या दोन वेगवेगळ्या भागांकडे पाहत असत. पराशयामुळे होणारे सरकणे ताऱ्याच्या सूर्यसापेक्ष दिशेवर अवलंबून असल्यामुळे इतक्या दूरच्या दोन दिशांत ते वेगवेगळे असते. म्हणून एका दिशेचे तारे दुसऱ्या दिशेच्या ताऱ्यांशी जोडून मोजले, की निव्वळ फरक न मिळता प्रत्यक्ष पराशय सुटा करता येतो. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेला हा उपग्रह पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या विरुद्ध बाजूला राहून दर सहा तासांना स्वतःभोवती एक फेरी मारत होता आणि सगळे आकाश पुन्हा पुन्हा विंचरत होता. १५ जानेवारी २०२५ रोजी त्याचे निरीक्षण थांबले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या माहितीसंचात सुमारे १८० कोटी तारे आहेत आणि त्यांपैकी १४६ कोटींचे पराशय व निजगती (ताऱ्याचे आकाशात दरवर्षी होणारे स्वतःचे सरकणे) दिलेल्या आहेत. हिप्पार्कोसच्या सूचीत सव्वा लाखाहूनही कमी तारे होते.

अचूकतेची कल्पना अशी. प्रत म्हणजे ताऱ्याच्या दिसणाऱ्या तेजाची श्रेणी; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक. पंधराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांसाठी गायाची त्रुटी विकलेच्या एक लक्षांशाच्या दोन-तीन पट, म्हणजे वीस-तीस सूक्ष्मविकला (विकलेचे दशलक्षांश) आहे. चंद्रावर ठेवलेले दहा रुपयांचे नाणे पृथ्वीवरून सुमारे पंधरा सूक्ष्मविकलांचे दिसेल. मात्र अंधुक ताऱ्यांसाठी ही त्रुटी वेगाने वाढते. सतराव्या प्रतीला ती सुमारे सत्तर सूक्ष्मविकला असते आणि विसाव्या प्रतीला अर्धी मिलिविकला (मिलिविकला म्हणजे विकलेचा हजारावा भाग) होते. आकाशगंगेच्या केंद्राचा पराशय जेमतेम १२२ सूक्ष्मविकला आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे विसाव्या प्रतीचा तारा घेऊन तिथपर्यंतचा नकाशा काढायला बसणाऱ्याची काय गत होईल ते समजेल.

आता मी ज्या भागावर सर्वाधिक वेळ घालवला आणि जिथे नवखा माणूस हमखास ठेच खातो, तिथे येतो. पुस्तकात लिहिलेले असते की अंतर म्हणजे एक भागिले पराशय. विकलेतला पराशय घ्या, उलटा करा, की पारसेकमध्ये अंतर मिळते. एक पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. त्रुटी नगण्य असेल तर हे सूत्र बरोबर आहे. पण समजा एका ताऱ्याचा खरा पराशय ०.२ मिलिविकला आहे आणि मोजणीची त्रुटी ०.१ आहे. खरे अंतर सुमारे सोळा हजार प्रकाशवर्षे. मोजणीत ०.३ आले तर तारा अकरा हजारांवर येतो, आणि ०.१ आले तर थेट साडेबत्तीस हजारांवर जातो. त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी असली, तरी अंतर एका बाजूला पाच हजारांनी चुकते आणि दुसऱ्या बाजूला सोळा हजारांनी. पराशय शून्याजवळ पोचला की तारा आकाशगंगेच्या बाहेर फेकला जातो.

त्याहून चमत्कारिक म्हणजे सूचीत कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय ऋण आहेत. ऋण अंतराचा अर्थ काय, असा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण ते तारे चुकीचे समजून गाळून टाकतात. ते चुकीचे नसतात. तारा फार दूर असल्यामुळे खरा पराशय जवळजवळ शून्य असतो, आणि मोजणीतला गोंगाट त्याला कधी शून्याच्या वर, तर कधी खाली ढकलतो. खाली गेलेले गाळले आणि वर आलेले ठेवले, तर उरलेल्यांची सरासरी खोटी होते. म्हणून अनुभवी माणूस पराशय उलटा करत नाही. तो उलट दिशेने विचार करतो: तारा अमुक अंतरावर असता तर कोणता पराशय मोजला गेला असता, आणि आकाशगंगेत त्या अंतरावर तारे असण्याची शक्यता किती? यातून एक संख्या मिळत नाही, अंतरांचा एक पट्टा मिळतो. मला विचाराल तर नकाशाचा खरा ऐवज तो पट्टाच आहे.

उपकरणाची स्वतःची खोडही वजा करावी लागते. दोन दुर्बिणींमधला कोन उपग्रहाच्या सहा तासांच्या फेरीबरोबर अपेक्षेपेक्षा अधिक थरथरत होता. हे थरथरणे उपग्रहावरच्याच एका लेसर यंत्रणेने सतत मोजले, तरी थोडासा अवशेष मागे राहिलाच. तो पकडायला क्वेसार कामाला आले. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रे; ती इतकी दूर आहेत की त्यांचा पराशय व्यवहारात शून्य हवा. तिसऱ्या संचात त्यांची सरासरी उणे सतरा सूक्ष्मविकलांच्या आसपास निघाली, म्हणजे क्वेसार जणू अनंताच्याही पलीकडे गेले. ही दुरुस्ती ताऱ्याची प्रत, रंग आणि आकाशातले स्थान यांनुसार थोडी बदलते. जवळच्या ताऱ्यांना तिचा फरक पडत नाही, दूरच्यांना चांगलाच पडतो.

याच्याशी संबंधित माझी स्वतःची एक फजिती सांगतो. गायाच्या सुरुवातीच्या काळात मी सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवरच्या काही तारकागुच्छांचा नकाशा काढला आणि त्यात मला लांबच लांब, काडीसारख्या रचना दिसल्या. दोन रात्री मी आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने आलेख पाहून एवढेच विचारले, “या काड्यांची टोके कुठे रोखलेली आहेत?” सगळ्याच सूर्याकडे रोखलेल्या होत्या. हिशेब सरळ होता. त्या अंतरावर पराशय ०.६५ मिलिविकला, आणि सतराव्या प्रतीच्या ताऱ्याची त्रुटी ०.०७, म्हणजे अंतरात दहा-अकरा टक्के. आकाशात मोजलेली रुंदी अचूक, पण खोलीत सव्वापाचशे प्रकाशवर्षे इकडे की तिकडे. वीस प्रकाशवर्षांचा गोल गुच्छ नकाशात हजार प्रकाशवर्षांची काडी होऊन बसला होता. आकाशगंगेला सूर्याचे काही विशेष कौतुक नाही. त्यामुळे ज्या नकाशातल्या रचना आपल्याकडे बोट दाखवतात, त्यात आकाशगंगा कमी आणि आपली त्रुटी अधिक असते. आजही कोणताही नवा नकाशा समोर आला की मी आधी ही बोटे शोधतो.

पराशय जिथे थकतो तिथे ताऱ्यांचे तेज कामी येते. १९१२ मध्ये हेन्रिएटा लेविट यांनी सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा नियम मांडला: त्यांचे तेज कमी-जास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. काळ मोजला की मूळ तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर निघते. या रीतीची गंमत अशी की तिची टक्केवारीतली त्रुटी अंतराबरोबर फारशी वाढत नाही, तर पराशयाची वाढतच जाते. सेफीडचे अंतर पाच टक्क्यांपर्यंत बरोबर धरले, तर आठेक हजार प्रकाशवर्षांपलीकडे तो गायाच्या उत्तम पराशयालाही मागे टाकतो. पोलंडच्या शास्त्रज्ञांनी चिलीतल्या १.३ मीटरच्या दुर्बिणीने वर्षानुवर्षे असे तारे टिपले आणि २०१९ मध्ये २,४३१ सेफीडांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आकाशगंगेची तबकडी सपाट नसून कडेला एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली वळलेली आहे, हे थेट ताऱ्यांच्या अंतरांवरून दिसले. उन्हात घातलेला पापड अर्धा वाळल्यावर जसा वाकतो, तशी ती आहे.

या दोन्ही रीतींचा समान शत्रू म्हणजे धूळ. १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी निरनिराळ्या दिशांतले तारे मोजून आकाशगंगेचा आकार काढला आणि सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काप्टाइन यांच्या कितीतरी अधिक काटेकोर मोजणीतही सूर्य केंद्राच्या फार दूर गेला नाही. चोर्ला घाटात दाट धुके पडले की प्रत्येक गाडीवाल्याला आपणच धुक्याच्या मध्यभागी आहोत असे वाटते, त्यातलाच हा प्रकार. हार्लो शॅपली यांनी गोलाकार तारकागुच्छांची अंतरे काढून सूर्य केंद्रापासून बराच दूर असल्याचे दाखवले. १९३० मध्ये ट्रम्प्लर यांनी धुळीचा पुरावा दिला: दूरचे गुच्छ जितके अंधुक दिसत होते, त्या मानाने आकाराने मोठे होते, म्हणजे त्यांचा प्रकाश वाटेतच खाल्ला जात होता. केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाख कोटीवा भागच आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्त प्रकाशात मात्र स्थिती बरीच सुसह्य असते.

हीच धूळ आता नकाशाचा विषयही झाली आहे. अंतर माहीत असलेले हजारो तारे एकाच दिशेला घेतले, तर ढगाच्या अलीकडचे तारे आपल्या मूळ रंगाचे दिसतात आणि पलीकडचे एकदम तांबूस. रंग जिथे बदलतो तिथे ढग आहे. अशा पद्धतीने आपल्या परिसरातल्या ढगांची खोली कळू लागल्यावर २०२० मध्ये नऊ हजार प्रकाशवर्षे लांबीची, लाटेसारखी वरखाली होणारी ढगांची एक साखळी सापडली. मृग नक्षत्रातला तेजोमेघ तिचाच भाग आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुर्बिणी तिच्याकडे रोखलेल्या होत्या; तिसरी मिती नव्हती म्हणून ती दिसली नाही.

धुळीच्या पलीकडे पाहायचे तर रेडिओ लहरी लागतात. हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची लहर १९५१ मध्ये प्रथम टिपली गेली आणि डॉपलर परिणामावरून, म्हणजे गतीमुळे लहरीच्या लांबीत पडणाऱ्या फरकावरून, वायूचा वेग कळू लागला. आकाशगंगा कशी फिरते हे गृहीत धरले की वेगावरून अंतर काढता येते. पण सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागात एकाच वेगाला अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन अंतरे जुळतात, आणि वायूच्या स्वतःच्या खळबळीमुळे याही नकाशांत ती सूर्याकडे रोखलेली बोटे उमटतात. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून केलेले पराशयमापन मात्र खरोखर भरवशाचे आहे. तरुण ताऱ्यांभोवती पाण्याची वाफ आणि मिथेनॉल नैसर्गिक मेसरसारखे, म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरसारखे, चमकतात. त्या ठिपक्यांचे सरकणे सूक्ष्मविकलांत मोजता येते. २०१७ मध्ये याच रीतीने केंद्राच्या पार पलीकडचा, सुमारे ६६ हजार प्रकाशवर्षांवरचा एक तारकानिर्मितीचा प्रदेश मोजला गेला. सर्पिल भुजांचा आज मान्य असलेला आराखडा प्रामुख्याने अशा दोनेकशे ठिपक्यांवर उभा आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होईल. बाहेरून घेतल्यासारखे दिसणारे, ‘आपण येथे आहोत’ अशी खूण केलेले चित्र तुम्ही पाहिले असेल. ते छायाचित्र नाही, मोजणीवर आधारलेले चित्रकाराचे काम आहे. आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास लाखभर प्रकाशवर्षे, तर माणसाने सर्वांत दूर पाठवलेले व्हॉयेजर-१ हे यान अजून एका प्रकाशदिवसाच्या आसपास आहे. सूर्याभोवतीच्या दहा-पंधरा हजार प्रकाशवर्षांत त्या चित्रावर मी बराच विश्वास ठेवतो. केंद्रापलीकडच्या भुजांचे वळण पाहताना तो थोपवतो. गायाच्या सूचीत आकाशगंगेतले शेकडा एक-दोन तारेच आहेत, हेही ध्यानात असावे.

राहिला गोव्याचा प्रश्न. आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्या विभागात येते. आपल्याकडे मृग लागतो तेव्हा सूर्य केंद्राच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो, म्हणजे केंद्र मध्यरात्री डोक्याच्या दक्षिणेला पंचेचाळीस अंशांवर येते, आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी भरून जाते. त्यामुळे ते पाहायचे तर मार्च-एप्रिलच्या पहाटे नेत्रावळीसारख्या अंधाऱ्या जागी जावे. किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींचे दिवे आता फार प्रखर झाले आहेत. एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला मात्र ढगांची आणि पावसाची अडचण होत नाही. अँटेना म्हणून पत्र्याचा कर्णा, एक लहान प्रवर्धक आणि संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ-ग्राहक एवढ्यावर भर पावसाळ्यात आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग मोजता येतो. तुमच्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला सोबत घ्या.

आणि गायाची सगळी माहिती विनामूल्य खुली आहे. तिला दुर्बीण नको, लॅपटॉप पुरे. टॉपकॅट हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि कृत्तिकांपासून सुरुवात करा. हिप्पार्कोसने त्यांचे अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे दिले होते, इतर रीतींनी ते ४४० च्या आसपास येत होते, आणि या पन्नास प्रकाशवर्षांवरून शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालला. कृत्तिकांभोवती दोन अंशांच्या त्रिज्येतले तारे मागवा. त्यांच्या निजगतींचा आलेख काढलात, की वर्षाला पूर्वेकडे वीस आणि दक्षिणेकडे पंचेचाळीस मिलिविकला या जागी एक घट्ट पुंजका दिसेल. तेवढेच तारे निवडून त्यांच्या पराशयांचा मध्य पाहा. तो ७.४ मिलिविकलांच्या जवळ येईल, आणि तो वाद कोणत्या बाजूने सुटला हे तुमचे तुम्हालाच कळेल. इथे त्रुटी इतकी लहान आहे की पराशय बेलाशक उलटा करा.

त्यानंतर हीच कृती ययाती तारकासमूहातल्या जोडगुच्छावर करा. तो सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवर आहे. सतराव्या प्रतीपर्यंतचे तारे घ्या, पराशय मुद्दाम उलटे करून त्रिमितीय आलेख काढा, मग आलेख हळूहळू फिरवून पाहा आणि सूर्य कोणत्या बाजूला आहे याची खूण करून तो मला पाठवा.